शुक्रवारी सोडलेली पिल्लं

अहो, पण शुक्रवारीच का सोडली, असं मला आता सगळी चाळ विचारतेय... आता! सोडली तेव्हा हीच चाळ आमच्या दारात उभी राहून माना हलवत होती, ‘रमतील कोंडूभाऊ, रमतील.’ सगळे बोलतात रमतील. बोलायला काय जातं? जीभ आपली, पिल्लं दुसऱ्याची.

तुम्हाला सांगतो, मला माशांचा काडीचा शौक नाय. दिवसभर गोदामात खोके चढव, खोके उतरव, त्यात घरी येऊन मासे कुठं बघणार? टाकी आमच्या दिनाची. धम्मदिना, माझी मुलगी. पहिल्या पगारात आणली, काचेची, चांगली लांबलचक, आणि ठेवली कुठं? तर मागच्या भिंतीला. आता धामणकर नाक्याच्या मागं आमची चाळ, आणि त्या भिंतीच्या पलीकडं कापडाच्या लूमचा कारखाना. खटाखट खटाखट, दिवस नाय रात्र नाय. टाकीतलं पाणी सारखं थरथरतं. मी बोललो, मरतील गं. कुठं मरतायत! उलट त्या आवाजात मासे असे सुस्तावले की विचारू नका. त्यातला मोठा एंजल मासा, त्याला मी अध्यक्ष बोलतो, तो तर आठवडाभर कोपऱ्यात खुंटीला टांगल्यासारखा.

मग दिनाचं लग्न झालं. अंबाडीला दिली, सुमितला. पोरगा चांगला आहे, पण खटलं मोठं, सासू, चुलतसासू, जावा, सगळ्या एका स्वयंपाकघरात. जाताना रडली नाय. फक्त बोलली, पप्पा, टाकीतली काळी मॉली पोटुशी आहे, तिला बघा. आता बघा म्हणजे काय बघा? मी काय सुईण आहे? ही गेली, मॉली व्याली, आणि पिल्लं माझ्या गळ्यात टाकून स्वतः मेली.

पिल्लं म्हणजे काय, तर दोन डोळे आणि एक शेपूट, मधे काहीच नाय. मोठ्या टाकीत ठेवली तर अध्यक्ष नाश्ता करणार. म्हणून आमच्या मिसेसचा, मंदाचा, कपडे भिजवायचा टब घेतला. ‘मग मी कपडे काय डोक्यावर भिजवू?’ हे रोज. बाईनं पातेल्यात कपडे भिजवले आणि प्रत्येक पातेल्यामागं मला ऐकवलं. मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून पिल्लांना भरवतोय, आणि पांढरं तेवढं माझ्या ताटात. पण वाढली हो! चांगली बोटाच्या पेराएवढी झाली.

आणि रोज संध्याकाळी दिनाचा फोन. कशी आहेस विचारलं की ‘बरी आहे’, खलास. लगेच, ‘पप्पा, पिल्लं कशी आहेत? मोठ्या टाकीत सोडली का? रमतील ना?’ एवढ्या हळू आवाजात की मला दुसरा कान दाबून ऐकायला लागायचं, आणि भिंतीपलीकडं लूम! मी ओरडून बोलायचो, रमतील ना, का नाय रमणार? सगळे बोलतात, मी पण बोललो.

रविवारी ती यायची होती, दिवसभरासाठी. मला वाटलं, पोरगी येईल, बघेल, पिल्लं मोठ्यांच्यात मिसळून फिरतायत, तिच्या जिवाला बरं वाटेल. बास. जास्त काय मागितलं मी?

नाक्यावरच्या मासेवाल्याला विचारलं. तो बोलला, ‘चाचा, सीधी बात है, बच्चा बड़े के मुँह से बड़ा होना मंगता.’ आलो घरी, काचेवरून अध्यक्षाच्या तोंडाला बोट लावलं, मग पिल्लाला लावलं. पिल्लू मोठं. झालं काम! आता मला सांगा, मी बघितलं कुठलं तोंड? बंद तोंड! उघडल्यावर केवढं होतं ते कोण बघतो? दिनाचं स्थळ बघायला गेलो तेव्हा पण सगळी तोंडं बंदच होती. किती गोड माणसं, मंदा बोलली, आपली दिना रमेल. सगळे बोलले रमेल.

आणि शुक्रवार म्हणाल तर भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. म्हणून आपल्याकडं चांगलं काम काढायचं ते शुक्रवारी. बारसं शुक्रवारी, दिनाचं लग्न पण शुक्रवारीच, का तर बुद्धवंदना नीट ऐकू यावी. मग पिल्लं पण शुक्रवारीच सोडू, शांततेत ओळखपाळख होईल... सगळं पद्धतशीर केलं हो मी! पिल्लं पिशवीत घेतली, पिशवी टाकीत तरंगत ठेवली, दोन्हीकडचं पाणी सारखं गार व्हायला. आतले दगड इकडचे तिकडे केले, म्हणजे जुन्यांना ही आपली जागा, ती आपली जागा असं आठवायला नको. मोठ्यांना आधी पोटभर चारलं. लाइट बंद केली. मंदानं हात जोडले. आणि मी पिशवी उलटी केली.

पण शुक्रवारी आमच्याच घरात काय होतं ते मी विसरलो ना! खटखट थांबली की आम्हाला चैन पडत नाय. डोळा लागत नाय, उगाच डबे उघडून बघतो, खायला काय आहे. मासे कोणाचे? आमचेच! आठवडाभर टांगलेला अध्यक्ष खडबडून जागा, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि समोर काय, तर मी आणून सोडलेलं. तोंड उघडलं तेव्हा कळलं, गोदामाचं शटर बरं. मी जाळी घातली, हात घातला, शिव्या घातल्या... काय उपयोग? मंदा बोलली, ‘तुमच्यानं एक काम धड होत नाय,’ आणि पदर डोळ्याला लावला. मला पण रडायला आलं, सांगायला लाज कसली. लूम परत चालू झाले तेव्हा टाकी साफ. अध्यक्ष कोपऱ्यात, तोंड बंद, किती गोड.

सकाळी बघतो तर फिल्टरच्या पाइपामागं एक शिल्लक.

रविवारी दिना आली. वाळली होती. मी तयारी करून ठेवली होती, बोलणार होतो, बाकीची लपलीत गं. तिनं विचारलंच नाय. टाकीसमोर बसली, बघत राहिली, आणि तिला ते पाइपामागचं बरोबर दिसलं. मी काठी घेऊन त्याला पुढं काढायला गेलो तर माझा हात धरला.

‘राहू द्या पप्पा. जागा चांगली शोधलीय त्यानं.’ मग काचेकडं बघतच बोलली, ‘आमच्याकडं पण मागच्या दाराला पाण्याची टाकी आहे. तिच्यामागं उभं राहिलं की कोण हाक मारत नाय. तिथूनच करते मी तुम्हाला फोन.’

लूम चालू होते. मला ऐकू नाय आलं असं मी दाखवलं. मंदा भाकरी थापत होती, तिचा हात थांबला, म्हणजे तिला पण ऐकू नाय आलं. शेवटी मी बोललो, चार दिवस राहा. तर बोलली, ‘नको. रमेन मी.’ आता ही पण बोलायला लागली!

संध्याकाळी सुमित बाइक घेऊन न्यायला आला. चहा दिला. मी विचारलं, दिना रमली ना तिकडं? तो खूष होऊन बोलला, ‘रमली ना मामा. गपचूप असते. काय त्रास नाय.’

तर तुम्हाला सांगतो, ते पिल्लू पण रमलंय. पाइपामागं असतं. गपचूप असतं. काय त्रास नाय. टब मात्र मी स्वच्छ पाण्यानं भरून ठेवलाय. मंदा कपडे अजून पातेल्यातच भिजवते, आणि आता एक शब्द बोलत नाय.