पाकिटाचे उरलेले टाके

चामड्याच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक बाई होती. तिने अर्धवट शिवलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"काका, याच रंगाचा दोरा द्या. आणि सुया."

"शिवणारा डावखुरा दिसतोय."

"ते कसं ओळखलंत?"

"सुया विकता विकता केस उगीच नाही पिकले. टाके बघा ना, उलटीकडे कललेत. कोणी शिवलंय?"

"माझ्या बाबांनी. माझ्या लेकासाठी शिवत होते. उरलेलं आता मीच शिवणार."

"तुम्हीही डावखुऱ्या?"

"नाही हो."

"मग तुमचे टाके दुसरीकडे कलतील. जोड लगेच दिसेल. त्यापेक्षा सगळं उसवा आणि पहिल्यापासून शिवा, एकसारखं होईल."

"उसवायचं नाही, काका. आजोबा कुठवर आले होते, ते त्याला दिसू दे."