साडेआठ तास

नाही हो काका, तारीख पुढे नका ढकलू, परतीचं विमानाचं तिकीटच रद्द करा — कारण? लिहावं लागतं? बरं, लिहा, वडील आजारी. म्हणजे — मला वाटलं होतं, मी पोचेन तेव्हा बाबा भडकलेले असतील, तोंड फिरवतील. तर कसलं काय! खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा, आणि मला बघून हसले — अर्ध्याच तोंडाने. डाव्या हाताने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. उशीर झाला, एवढंच.

बाबा बस आगारात होते, तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं लावली. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की झाला प्रवास! मी डॉक्टरकीचं पुढचं शिकायला परदेशी निघाले तेव्हा माझं तिकीट वाचलं — सुटणार दहाला, पोचणार एकला. "अगं, तीनच तास! हे तर शेजारचं गाव झालं." तिथली घड्याळं साडेपाच तास मागे, हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं की! रोज फोनवर विचारायचे, तुझ्याकडे किती वाजले. पण वजाबाकीत ते धरायचं राहूनच गेलं. आणि मी — मी दुरुस्त नाही केलं. आधी गंमत वाटली, मग बरंच वाटायला लागलं, खरं सांगते. सात हजार दोनशे किलोमीटर, आणि बाबा म्हणायचे, "काही झालं तर तीन तासांत लेक हजर." आईलाही पटलेलं.

तुम्ही टाइप करा ना, थांबलात का?

त्या दिवशी त्यांचा हात उचलेना, जीभ जड. आई म्हणाली, दवाखान्यात जाऊ. बाबा अडखळत म्हणाले, लेक डॉक्टर आहे, ती येऊ दे. आईने फोन केला, "ये" असा निरोप ठेवला, आणि दोघं बसून राहिले — तीन तास, घड्याळाकडे बघत! मी? मी व्याख्यान देत होते. पक्षाघाताचा झटका आल्यावर पहिल्या काही तासांचं मोल — हाच माझा विषय, परत जाऊन माणसं वाचवणार असं तावातावाने सांगत होते. फोन ऐकूच आला नाही — नाही, आला होता. आईचं नाव दिसलं. कापला मी.

हे नका लिहू.

काल बाबांनी परतीचं तिकीट पाहिलं आणि डाव्या हाताची तीन बोटं वर केली. जा म्हणे, तीनच तास तर! आज सकाळी त्यांच्यासमोर बसले, तर पुन्हा तीच तीन बोटं. म्हटलं, बाबा, साडेआठ. तीन कधीच नव्हते. मला माहीत होतं. त्यांची बोटं मिटली, एकेक करून. तेव्हाच ठरवलं. वाटेत इथल्या दवाखान्यात डॉक्टरच्या नोकरीसाठी नाव देऊन आले.

शिक्षण? चार महिने उरले होते. उरू देत. मारा शिक्का — आणि असं बघू नका हो माझ्याकडे. मागे रांग आहे, पुढच्याला बोलवा.