आधी मशीनची तपासणी

आमचे बाबा बरखेड्याच्या कारखान्यातून माल पास-रिजेक्ट करणारे इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झाले, पण त्यांची तपासायची खोड काही गेली नाही. परवाचंच बघ ना. त्यांना शुगर आहे, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासायला बिट्टन मार्केटजवळच्या दवाखान्यात नेलं. आईही सोबत होती.

तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, बैठिए. एआय वाली मशीन है, फोटो देखकर खुद रिपोर्ट देगी."

बाबा बसेचनात. "आधी मशीन बरोबर आहे का ते बघू," म्हणाले आणि आईकडे वळले, "तू बस. तुझे डोळे उत्तम आहेत. तुला ओके म्हणाली, तर मशीन ओके."

आई बसली. रिपोर्ट आला: पडद्यावर डाग दिसतायत, डॉक्टरांना दाखवा.

"रिजेक्ट!" बाबा खूश. "मशीनच बिघडलेली आहे!"

डॉक्टरांनी आईला तपासलं. मशीन बरोबर होती. आईलाही शुगर निघाली, पण वेळेत कळलं, म्हणून काळजीचं कारण नव्हतं. बाबांचे डोळे मात्र एकदम ठणठणीत!

परतताना रिक्षात बाबा पुटपुटले, "मला कसं कळलं नाही?"

आई हसून म्हणाली, "अहो, कळणार कसं? चाळीस वर्षांत माझ्या डोळ्यांत नीट बघितलं, ते त्या मशीननंच!"