बंधाऱ्यावर अक्का

धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या गाडीसाठी रांग होती. प्रेमराजच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ भाईदास कुजबुजत भांडत होते. प्रेमराजने ऐकू येत नसल्याचा चेहरा केला.

“अक्का, आज बंधाऱ्यावर जाऊ नको.”

“बंधाऱ्याच्या दारात फळ्या दोन्ही गावांनी मिळून टाकायच्या, असा रिवाज शे ना? माझ्या माहेरच्या पोरांनी एकट्यांनीच टाकून पाणी अडवलं. खाली सासरचा कांदा जळाला. आता सासरची पोरं आज रात्री फळ्या फोडायला कुऱ्हाडी घेऊन वर येतील.”

“म्हणून तू मध्ये बसशील?”

“माझ्यावर ना माहेरचा हात उचलेल, ना सासरचा.”

“दिवसा, अक्का. अंधारात कोण कोणाला ओळखतं?”

“आवाज तर ओळखतील? रात्रभर बठ्ठ्यांना, दोन्हीकडच्या सगळ्यांना, शिव्या घालीन.”

“ते जमेल तुला. लहानपणापासून ऐकतोय.”

“मेल्या!”

“पण घसा बसला तर?”

अक्का त्याच्याकडे वळली.

“मग तू शे ना. तुझाही आवाज दोन्ही गावं ओळखतात.”

गाडी लागली. अक्का चढली. मागून लोक ढकलू लागले, तरी भाईदासचा पाय काही पायरीवर पडेना.