तळ्यानं दिलं तरच

(उत्तर पोलंडमधल्या काशुबियातलं एक राखीव तळं. काठावर आउगुस्टीन आजोबा आणि त्यांची नात त्रुडा. तिच्या ओंजळीत मुळासकट एक फिकट पांढरं फूल.)

आजोबा: रडू नकोस. डोळे मीट आणि कल्पना कर, तू या तळ्याच्या तळाशी बसलीयस. खाली नुसती वाळू. पाणी इतकं निवळ, की वर बघितलं तर पाइनचे शेंडे दिसतायत. दिसले?

त्रुडा: दिसले. गार वाटतंय.

आजोबा: वाटणारच. आता भूक लागलीय, पण या पाण्यात खायला काही नाही. मग तू वाळूत मुळं रोवलीस आणि मिळेल ते तिथूनच ओढून घेतलंस. कितीतरी वाट बघून एक दांडी पाण्याबाहेर पाठवलीस, फूल उमलवलंस. आणि तेवढ्यात...

त्रुडा: तेवढ्यात मी आले आणि उपटलं. कळलं, आजोबा. मी फक्त फूल तोडणार होते. ओढलं तर सगळंच हातात आलं.

आजोबा: लोबेलिया तशीच असते, धक्का लागला की सुटते. म्हणून तर इथे होडी नाही, पोहणं नाही. गावाला इथे होड्या बांधायला फलाट हवा होता, तेव्हा तुझी आजी सभेत उठून म्हणाली, पाय बुचकळायचे असतील तर घरी घमेलं आहे.

त्रुडा: पण आजीच तर दर वर्षी सणाच्या जुडीत हे फूल घालायची.

आजोबा: वाहून आलेलं. वाऱ्यानं सुटून काठाला लागलेलं. तळ्यानं दिलं तरच घ्यायचं, असं होतं तिचं.

त्रुडा: यंदा तळं देतच नाही. रोज येऊन बघितलं मी. उद्या मेरीमातेचा सण, फादर सगळ्यांच्या जुड्यांवर पवित्र पाणी शिंपडणार. माझ्या जुडीत सातू आहे, पुदिना आहे, खसखशीचं बोंड आहे. फूल तेवढं नाही. आणि आजी म्हणायची, फूल नसेल तर ती जुडी आजाऱ्याच्या उशाखाली ठेवून काही उपयोग नाही.

आजोबा: म्हणायची खरी.

त्रुडा: काल दवाखान्यात डॉक्टरीणबाई तुम्हाला बाहेर घेऊन गेल्या. काय म्हणाल्या?

आजोबा: वाट बघा म्हणाल्या.

त्रुडा: आणखी?

आजोबा: आणखी... ताप डोक्यात गेलाय म्हणाल्या. आई डोळे उघडणार असेल, तर आता लवकर उघडायला हवेत.

त्रुडा: मग जुडी उद्याच हवी ना.

आजोबा: मुळं अजून ओली आहेत, त्रुडा. सुकायच्या आत परत लावलंस तर जगेल. शुद्धीवर आल्यावर आई पहिलं विचारेल, फूल कुठून आणलंस. काय सांगशील?

त्रुडा: विचारू दे तरी तिला.

आजोबा: हं.

त्रुडा: रागवेल. रागवू दे. काहीतरी बोलू दे.

आजोबा: ये इकडे. नाक पूस.

त्रुडा: ...कुठे लावू?

आजोबा: उपटलंस तिथेच. बोटानं खळगा कर, मूळ आत सोड, वाळू लोट. पाण्यात हळू चाल, बाकीच्या रोपांवर पाय देऊ नकोस.

त्रुडा: बर्फ आहे नुसता. बोट कळत नाहीये मला. झालं. बसलं बहुतेक.

आजोबा: ये बाहेर. माझी टोपी घे, पाय पूस तिनं.

त्रुडा: आजोबा, तुम्ही रडताय?

आजोबा: म्हाताऱ्या डोळ्यांना वारा लागतो.

त्रुडा: वारा पाठीमागून आहे.

आजोबा: तुझी आई असेल, पण माझी लेक आहे गं ती. मीही येतो रोज काठ बघायला. तू उठायच्या आधी.

त्रुडा: तरीच वाळूत पावलं असायची. मला वाटायचं वनरक्षकाची.

आजोबा: थांब. ते बघ, पाण्यावर.

त्रुडा: सुटलं. माझंच आहे ते.

आजोबा: फार लांब गेलेलं नाही. घे, त्रुडा, पटकन. आता ते तळ्यानंच वर पाठवलंय. आजीसुद्धा नाही म्हणणार नाही.

त्रुडा: आजोबा...

आजोबा: घे म्हणतो ना. नाहीतर मी उतरतो.

त्रुडा: तळ्यानं नाही पाठवलं. माझं बोट खोल गेलं नव्हतं.

आजोबा: कुणाला कळणार आहे, बाळा.

त्रुडा: माझा स्वेटर धरा. या वेळी वाळू दोन्ही हातांनी दाबते.