डाव्या हाताची थाप

"डावा घुमू दे, मग उजवा बोलेल." लहानपणी ऐकलेला ढोलकीवाल्या काकांचा आवाज मला सावेडीच्या दवाखान्यात आठवला. शेजारच्या बाकावर अर्धांगवायूतून उठलेला एक माणूस आणि त्याची बायको बसली होती.

"डाक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू कुठंय?"

"कुत्र्यानं नेला."

"नेला का तुमी दिला? अहो, डावा हात उजवा मेंदू चालवतो. दोन्ही बाजूंचा मेळ बसायला ढोलकी वाजवा म्हनले ते. तुमी शिवलासुदीक न्हाई!"

"बघू."

"बघू, बघू! नाताळात मी भजन कुनाच्या तालावर म्हनू? आपला पोरगा डॅनी मोबाईलवर ताल लावतो म्हनतोय."

"दीना..."

"आता काय?"

"तू बाजारला गेलीस की वाजवतो. डावा मागं ऱ्हातो. तुझं गानं अडखळंल, म्हनून तुझ्यासमोर न्हाई."