खोचलेली वायर

मी मूळची सोनईजवळच्या एका वस्तीवरची. वडलांचं मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान, आणि त्यांची हौस अशी की मुलगी इंग्लिश मीडियमलाच गेली पाहिजे. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि वस्तीवर तोंडातून इंग्रजी शब्द गेला की पोरी मॅडम आल्या, मॅडम आल्या म्हणून चिडवायच्या, मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले, आणि ते अजून सुटलेलं नाही, काय सांगू तुम्हाला.

आता नगरला एका कॉलेजात नेटवर्क सांभाळते. जिन्याखाली खोली, खिडकी नाही, एसीचा आवाज. नेट चालू असलं की माझी आठवण कुणाला येत नाही. बोलायला एकच माणूस यायचं, झाडणाऱ्या ताराबाई, घोडेगावच्या. आल्या की आधी माझा डबा उघडणार. आजबी बटाटाच व्हय गं, उद्या नवऱ्यालाबी बटाटाच घालशीन का. मी नुसती हसायचे. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर आठवायचं, दिवसभरात तेवढंच हसले.

मग प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी सगळं कॉलेज बंद पडलं. स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा, त्याच्यावरचा एरवी एखाददुसरा दिवा लुकलुकतो, त्या दिवशी सगळे एकदम फडफडत होते. एकेक वायर काढत काढत मी परीक्षा विभागात पोचले, तर टेबलाखालच्या छोट्या डब्यातून निघालेली वायर फिरून त्याच डब्यात घातलेली. म्हणजे निरोप तिथंच गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो, बाकी कुणाला वाट मिळत नाही. ऑफिसचे साहेब ओरडले, कुणी केलं, आजच घरी बसवतो. ताराबाई झाडू घेऊन तिथंच उभ्या. म्हणाल्या, मीच खोचली की, लोंबत हुती, कुनाच्या पायात आली असती. पदर खोचावा तशी खोचली होती हो त्यांनी, रिकामं भोक दिसलं म्हणून.

मी कधी चारचौघांत बोलत नाही, पण बोलले. म्हटलं, सर, असं झालं तर आवरायला स्विचमध्ये लूप प्रोटेक्शन नावाची सोय असते, ती बसवणाऱ्यानं चालूच केलेली नाही, आज बाईंनी खोचली, उद्या तुम्हीही खोचाल. साहेब म्हणाले, बरं, राहू द्या कामावर, पण कॉम्प्युटरजवळ नकोत, लायब्ररीत पाठवा.

त्याच दुपारी मी सेटिंग केलं. आता स्विच प्रत्येक दारातून, म्हणजे वायर खोचायच्या भोकातून, एक निरोप पाठवतो, आणि आपलाच निरोप त्याच दारानं परत आला की तेवढं दार बंद करून टाकतो. बाकी कॉलेज चालू राहतं. माझ्या खोलीत मात्र आता कुणी येत नाही, मीच झाडते.

बंद झालेलं दार थोड्या वेळानं आपोआप उघडेल, असंही सेटिंग असतं. ते मी केलेलं नाही. माणूस लागतो, जाऊन बघायला.

परवा स्विचवरचं लायब्ररीचं दार बंद झालं. जेवायची वेळ, डबा हातात घेऊनच गेले, तर ग्रंथपाल सरांनी कपाट सरकवताना सुटलेली वायर तशीच फिरून त्याच डब्यात खोचलेली. ताराबाई दारातच भेटल्या, पदरानं तोंड झाकून हसत होत्या. ह्या बारीला म्या न्हाई गं बाई, लायब्ररीच्या सायबानंच खोचली. मग माझा जेवणाचा डबा मागितला, उघडला, बटाटा बघितला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, रोज काहीतरी बंद पडू दे बाई तुजं.